बेरीज बरोबर, वाटणी चुकलेली: अलाइनमेंटनंतर कललेल्या स्टेअरिंगच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

पावसाळ्यानंतर पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड झिजलेली दिसली. रबरावरून हात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत लागतं, उलट फिरवला की कंगोरे बोटांना अडतात. टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, तो बिघडल्याचं हे लक्षण. नागपूरच्या मनीषनगर ते बुटीबोरी रोजची ये-जा, त्यात यंदा खड्ड्यांनी पुढच्या चाकांना झोडपून काढलं. म्हणून आज अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून जुळवणं) करून घेतली. मशीन थ्री-डी होतं, चारही चाकांना पाट्या लावून कॅमेऱ्याने मोजणारं. काम लवकर झालं. हातात छापील कागद आला आणि त्यावर सगळे रकाने हिरवे.

वर्धा रोडला लागले तशी स्टेअरिंगची आडवी पट्टी डावीकडे खाली झुकलेली दिसली. गाडी आपल्या लेनमध्ये सरळ चाललेली. पट्टी समतल करायला गेलं की गाडी उजवीकडे निघते. सकाळी जाताना असं नव्हतं. रोज तेच स्टेअरिंग धरणाऱ्या हाताला एवढा फरक लगेच कळतो.

घरी येऊन कागद नीट वाचला. पुढच्या चाकांचा एकूण टो आधी उणे ०.६० अंश, आता अधिक ०.१० अंश. उणे म्हणजे चाकांची तोंडं पुढून बाहेर फाकलेली, अधिक म्हणजे किंचित आत वळलेली. आतली कड झिजली होती ती त्या उणे टोमुळे, हे जुळतं. नंतरच्या रकान्यात डावं ०.०५, उजवं ०.०५, दोन्ही समान. म्हणजे टो सुधारला हे खरं, आणि स्टेअरिंग बिघडलं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते शोधायचं आहे. २३ तारखेला समृद्धी महामार्गावरून कारंजा लाडला ताईकडे जायचंय. त्याच्या आत हे झालं पाहिजे.

२ नोव्हेंबर, रविवार

खालच्या मजल्यावरचे काका एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेत. त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो घडी करून परत दिला आणि म्हणाले, "पोरी, आधी हे पाह्य, गाडी वाकडी चालून राहिली का फक्त स्टेरिंग वाकडं आहे. दोन्ही रोग वेगळे, दोन्हीचं औषध वेगळं."

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कारणं टायरमध्ये, हवेत, अडकलेल्या ब्रेकमध्ये, नाहीतर डाव्या-उजव्या कॅम्बर-कास्टरच्या (चाकाचा आत-बाहेर कल आणि चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे-पुढे कल) फरकात शोधायची. गाडी हात सैल सोडूनही सरळ जात असेल आणि फक्त स्टेअरिंग कललेलं असेल, तर शोध टायरॉडपाशी (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) किंवा मागच्या ॲक्सलच्या दिशेपाशी येऊन थांबतो.

सकाळी टायर थंड असताना चारही चाकांत सारखी हवा भरली. नागपुरात हे सकाळीच करावं. तापमान १० अंशांनी बदललं की टायरचा दाब साधारण दीड पीएसआय हलतो, आणि या दिवसांत पहाट आणि दुपार यांत तेवढं अंतर सहज पडतं. एक टायर दुपारी आणि दुसरा सकाळी भरला तर चाचणीच खोटी पडते.

चाचणीसाठी मिहानमधले रस्ते निवडले. रुंद, सरळ, रविवारी सकाळी जवळपास मोकळे. रस्ता पाण्यासाठी कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये चांगली गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. हा उतार हिशेबातून काढायचा म्हणून त्याच रस्त्यावर दोन्ही दिशांनी गेले, आणि मागेपुढे कोणी नसताना डावी-उजवी दोन्ही लेन घेऊन पाहिल्या. ताशी ६० च्या वेगात, हात स्टेअरिंगजवळच ठेवून पकड सैल केली. गाडी उताराच्या दिशेने जेवढी जावी तेवढीच जाते, ओढ नाही. स्टेअरिंग मात्र दोन्ही दिशांना, दोन्ही लेनमध्ये सारखंच डावीकडे कललेलं.

थांबल्यावर चारही रिम हाताच्या पंजाने जवळून पाहिल्या. एकही जास्त गरम नाही, म्हणजे ब्रेक अडकत नाही.

कल मोजायला सरळ चालीत स्टेअरिंगच्या माथ्यावर कागदी चिकटपट्टी लावली आणि तिच्यासमोर कॉलमच्या आवरणावर दुसरी. गाडी थांबवून स्टेअरिंग डोळ्यांना समतल केलं आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं: १९ मिमी. स्टेअरिंगचा व्यास ३७० मिमी, म्हणजे परिघावर एक अंश जवळजवळ ३.२ मिमी. कल ६ अंश. मोबाइलवरचं कोनमापक पट्टीवर ठेवून पाहिलं, तेही ६ च्या आसपासच दाखवतं.

रोग दुसरा निघाला. गाडी सरळ, स्टेअरिंग वाकडं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कामावरून येताना त्या अलाइनमेंटवाल्याकडे थांबले. मुलगा नम्र होता, टाळाटाळ केली नाही. "मॅडम, गाडी तर सरळच चालून राहिली ना? कागदावर सगळं हिरवं आहे." मग म्हणाला, पाच मिनिटांचं काम, स्टेअरिंग काढून एक दात सरकवून बसवून देतो.

मी नको म्हटलं. त्याची कारणं इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण हा उपाय बऱ्याच ठिकाणी सर्रास केला जातो आणि ऐकायला तो अगदी सरळ वाटतो.

स्टेअरिंग कॉलमच्या दातांवर बसतं आणि एक दात म्हणजे कित्येक अंश. सहा अंश हवे असतील तर दात नेमके सहा अंश देतीलच असं नाही. स्टेअरिंगमध्ये एअरबॅग आहे. बॅटरी सोडवून, थोडं थांबून, मगच तिला हात लावायचा असतो. खालची गुंडाळीची वायर जागेवरून फिरली तर पुढे एखाद्या वळणावर ती तुटते, आणि हॉर्न व एअरबॅग दोन्ही बंद पडतात. इंडिकेटर आपोआप बंद करणारी खाचही स्टेअरिंगच्या मध्याशी जुळवलेली असते. आणि सगळ्यात मोठं कारण: स्टेअरिंगचा मध्य आणि रॅकचा (स्टेअरिंग फिरलं की डावी-उजवीकडे सरकून टायरॉड ढकलणारी दातेरी पट्टी) मध्य कारखान्यात एकत्र बसवलेला असतो. रॅक मध्यावर असताना दोन्हीकडे सारखे फेरे मिळतात. स्टेअरिंग दातावर सरकवलं तर दिसायला सरळ दिसेल, पण रॅक सहा अंश बाजूला राहूनच चालत राहील, एका बाजूचं वळण मोठं आणि दुसऱ्या बाजूचं लहान.

घरी आल्यावर हे तपासलंही. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग समतल केलं आणि तिथून डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत फिरवलं. दोन्हीकडे फेरे सारखेच. स्टेअरिंग रॅकवर आपल्या मूळ जागीच आहे, त्याला काढायचं कारणच नाही. बिघाड रॅकच्या पुढे, चाकांच्या बाजूला आहे.

ईएसपी (गाडी घसरू लागली तर आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत आणखी एक गुंता असतो. तिथे स्टेअरिंगचा कोन सांगणारा सेन्सर असतो. कललेलं स्टेअरिंग म्हणजे गाडी वळते आहे असं कंप्युटरला वाटतं, आणि दुरुस्तीनंतर स्कॅनर लावून तो सेन्सर शून्यावर आणावा लागतो. माझ्या छोट्या हॅचबॅकमध्ये ईएसपी नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी. गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे काकांनी सांगायच्या आधीच घोड्या आणून ठेवल्या होत्या. मागच्या चाकांना विटा.

आधी ढिलेपणा पाहिला. चाक घड्याळाच्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं तर टायरॉड एंड आणि रॅक एंड बोलतात. १२ आणि ६ ला धरलं तर लोअर बॉल जॉइंट आणि बेअरिंग बोलतात. दोन्ही चाकं घट्ट. लोअर आर्मचे बुश पहारीने किंचित उचकून पाहिले, तडा नाही. ढिला जॉइंट असता तर तो बदलल्याशिवाय पुढचं सगळं मोजमाप वाया गेलं असतं.

मग बॅटरीच्या उजेडात टायरॉड पाहिले, आणि तिथे गोष्ट उघड झाली.

उजव्या टायरॉडवर पावसाळ्याचा चिखल वाळून घट्ट बसलेला. लॉकनटवर, आट्यांवर, सगळीकडे एकसंध थर. त्याला कुणी पानाही लावलेला नाही. डाव्या टायरॉडवर नटाच्या कडा घासून उजळलेल्या, नटाच्या मागे एक आटा चकचकीत आणि त्यामागे जुना चिखल. रॅकचा डावा रबर बूट (टोकावरचं घड्यांचं आवरण) पिळलेला, घड्या तिरप्या, कारण क्लिप सैल न करताच टायरॉड फिरवला गेला.

म्हणजे एकूण टो सुधारण्यासाठी सगळा फेरा डाव्या बाजूलाच दिला आणि उजवी बाजू तशीच ठेवली.

आणि डावा लॉकनट. त्याला पाना लावला तर हाताच्या जोराने सुटला. अंगावर काटा आला. हा नट टायरॉडची लांबी धरून ठेवतो. तो ढिला राहिला तर खड्ड्यागणिक लांबी बदलू शकते आणि आटे झिजू शकतात. ज्या चाकाच्या भरवशावर आपण ट्रकच्या शेजारून जातो, त्याची दिशा या नटाकडे असते. लगेच आवळून ठेवला. माझं काम काहीही असो, अलाइनमेंट करून आलेल्या प्रत्येकाने हे दोन नट पाहून घ्यावेत असं मी कळकळीने सांगेन. चाक पूर्ण वळवून बॅटरीचा उजेड टाकला तरी नट दिसतो.

काका वाकून पाहत होते. उजव्या नटाला पाना लावून म्हणाले, "हा हलून नाही राहिला. म्हणून त्यानं डाव्यावरच भागवलं." तसंच असावं. जाम नट सोडवायला वेळ लागतो आणि मशीनपुढे पुढची गाडी उभी असते. पण एका बाजूच्या फेऱ्यानेही पडद्यावरचा आकडा हिरवा होतोच, आणि इथेच सगळी गंमत अडकली आहे. मशीनच्या कॅमेऱ्याला चाकं दिसतात, स्टेअरिंग दिसत नाही. स्टेअरिंग समतल करून ते खाली फळीने जखडणं, ते टिकलंय का हे नट आवळताना पाहणं, हे माणसाचं काम आहे. तेवढं राहिलं की कागद खरं बोलतो आणि तरीही गाडी बिघडलेली असते.

रात्री कागदावर हिशेब मांडला. एकूण टोतला बदल ०.७० अंश, सगळा डाव्या चाकाला. रस्त्यावर गाडी सरळ धावताना दोन्ही चाकं हा फरक आपसांत निम्मा वाटून घेतात, ०.३५ आणि ०.३५. त्यासाठी रॅकला सरकावं लागतं आणि रॅकबरोबर स्टेअरिंग फिरतं. ०.३५ अंशांना स्टेअरिंगच्या गुणोत्तराने (चाक एक अंश वळायला स्टेअरिंग किती अंश फिरवावं लागतं, त्या आकड्याने) गुणलं की कल मिळायला हवा. छोट्या गाड्यांत ते साधारण १६-१७ असतं. ०.३५ गुणिले १७ म्हणजे ५.९५. मी मोजलेले ६ अंश, आणि कागदातून निघालेलेही ६. बेरीज बरोबर होती, वाटणी चुकली होती.

उजव्या नटाचा चिखल तारेच्या ब्रशने काढून गंज सोडवणारं तेल मारलं. हे रोज रात्री करायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस मोजण्याचा. दुरुस्तीपेक्षा यातच जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा.

पार्किंगची फरशी पाणी जाण्यासाठी उतरती असते. गवंडी वापरतात तसा पाण्याचा लेव्हल पाइप घेऊन चार चाकांच्या जागा पाहिल्या आणि सखल बाजूला टाइल्सचे तुकडे घालून चारही जागा एका पातळीवर आणल्या. पुढच्या दोन चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत टाइल्स, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक जमिनीला न चिकटता फिरतं. गॅरेजमधल्या फिरत्या चकत्यांचं काम यावर भागतं.

मग दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर नायलॉनची लाइनदोरी ताणली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं रुंदीचं अंतर वेगळं असतं, म्हणून दोरी चाकांना टेकवून चालत नाही. मागच्या दोन्ही हबच्या मध्यापासून दोरी सारख्या अंतरावर, पुढच्या दोन्हीपासून सारख्या अंतरावर, असं एकेक मिमी सरकवत जुळवायचं. एक टोक हललं की बाकीची तिन्ही पुन्हा पाहायची. काका खुर्चीवर बसून एका बाजूचं अंतर वाचत होते आणि मी दुसऱ्या. त्यांच्या डोळ्यांना अजून अर्धा मिमी दिसतो.

आधी मागची चाकं. माझ्या गाडीत मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, तिथे फिरवायला काही नाही. पण तो बीम तिरका असेल तर गाडी खेकड्यासारखी थोडी आडवी धावते आणि ते सावरायला स्टेअरिंग कलतं. तसं असतं तर टायरॉडला हात लावून उपयोग नव्हता. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर घेतलं. दोन्ही चाकांचा कल आतल्या बाजूला, आणि दोन्हींचा जवळजवळ सारखाच. बीम सरळ आहे.

मग पुढची. स्टेअरिंग नेमकं समतल करून सीटला टेकवलेल्या फळीने बांधलं. डाव्या चाकाच्या रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा दोरीपासून अडीच मिमी लांब, म्हणजे तोंड आत. उजव्याची पुढची कड २ मिमी जवळ, म्हणजे तोंड बाहेर. स्टेअरिंग सरळ धरलं की दोन्ही चाकं उजवीकडे बघतात. परवाचा कागदी हिशेब दोरीवर उतरला.

आता किती फिरवायचं, ते. बाहेरून फेऱ्यांचे आकडे ऐकून फिरवण्यापेक्षा आपल्याच गाडीचे दोन आकडे मोजावेत. एक, स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात टायरॉड किती सरकतो. पुढची चाकं अधांतरी ठेवून खुणेपासून मोजलं: ४५ मिमी. दोन, टायरॉडच्या आट्यांची घडण. व्हर्निअरने दहा आटे मोजले: १५ मिमी, म्हणजे एका फेऱ्याला दीड मिमी.

४५ मिमीला ३६० अंश, तर दीड मिमीला १२ अंश. दोन्ही टायरॉड विरुद्ध दिशांना एकेक फेरा फिरवले तर स्टेअरिंग १२ अंशांनी सरकेल. मला हवेत ६. म्हणजे प्रत्येकी अर्धा फेरा. टायरॉडवर पाना धरायला षटकोनी भाग आहे. त्याचा एक पैलू म्हणजे स्टेअरिंगचे २ अंश, तर तीन पैलू फिरवायचे.

कोणता लांब आणि कोणता आखूड, हे रॅक कुठे आहे त्यावर ठरतं. माझ्या गाडीचा रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे. तिथे टायरॉड लांब केला की चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि तोंड आत येतं. रॅक पुढे असलेल्या गाडीत बरोबर उलटं. स्टेअरिंग डावीकडे कललेलं आहे, तर माझ्याकडे डावा आखूड करायचा आणि उजवा तेवढाच लांब. हे दोनदा कागदावर काढून पाहिलं, काकांनाही न सांगता वेगळं काढायला लावलं. उत्तर एकच आलं.

नुसता एकच टायरॉड फिरवून स्टेअरिंग सरळ केलं असतं तर? डावा पूर्ण एक फेरा परत घेतला की स्टेअरिंग सरळ होतं, पण एकूण टो पुन्हा उणे ०.६० वर. मग प्रत्येक टायर रस्त्याच्या दिशेपासून ०.३० अंश तिरका, म्हणजे दर किलोमीटरला पाच मीटरहून जास्त आडवा घासत जाणार. बुटीबोरीच्या एका फेरीतच ते किती होतं, ते मनात धरलं की टायरची आतली कड का खाल्ली जाते ते कळतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी लवकर सुरुवात. तेल मुरलं होतं. उजव्या टायरॉड एंडला एका पान्याने धरून, दुसऱ्या पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर दिला तेव्हा नट कच्चकन सुटला. एंड धरून ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर सगळा जोर बॉल जॉइंटवर जातो.

फिरवण्याआधी दोन्ही टायरॉडवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, आणि दोन्हीकडचे बाहेर दिसणारे आटे मोजून वहीत लिहिले. चुकलं तर परत यायला रस्ता हवा. बुटांच्या क्लिपा सैल केल्या आणि बूट टायरॉडवरून सुटा केला, म्हणजे पिळणार नाही. डावा पिळलेला बूट हाताने सरळ झाला, रबर फाटलेलं नाही.

डावा तीन पैलू आत. उजवा तीन पैलू बाहेर. प्रत्यक्ष फिरवायला दोन-तीन मिनिटं लागली असतील.

नट आवळताना टायरॉडही त्याच्याबरोबर थोडा फिरू पाहतो. म्हणून एक पाना षटकोनावर, एक नटावर, आणि पांढरी रेघ हलते का त्यावर नजर. हे एकट्याने जमणं कठीण, काकांनी षटकोन धरला. "नट शेवटी आवळताना एंडकडेही पाह्य," ते म्हणाले, "तो कलंडला नको, बॉल मध्यावर राहिला पाहिजे." शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला. मग दोन्ही नटांवर रंगाचा ठिपका, नट हलला तर ठिपका तुटलेला दिसेल.

गाडी खाली घेतल्यावर लगेच मोजायचं नाही. अधांतरी असताना चाकं किंचित आत-बाहेर होतात आणि खाली आल्यावर टायर तसाच अवघडून बसतो. गाडी आवारात पुढे-मागे ढकलून पुन्हा टाइल्सवर आणली, दोरी पुन्हा लावली, स्टेअरिंग पुन्हा बांधलं. आता दोन्ही रिमच्या पुढच्या कडा मागच्यापेक्षा दोरीपासून पाव-अर्धा मिमी लांब, दोन्हीकडे सारख्याच. यापेक्षा बारीक दोरीला कळत नाही.

एकूण टो दुसऱ्या रीतीनेही पाहिला. ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या पुढच्या टायरांना बाहेरून टेकवून त्यांच्या पुढच्या आणि मागच्या टोकांमध्ये टेप ताणला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १ मिमी कमी. माझे टायर १६५/८० आर १४ आहेत, व्यास सुमारे ६२० मिमी, पट्ट्याही तेवढ्याच लांब, म्हणजे १ मिमी जवळजवळ ०.०९ अंश. कागदावरचा ०.१० जागेवर आहे.

दुपारी मिहानच्या त्याच रस्त्यावर गेले. स्टेअरिंगची पट्टी समतल. उलट दिशेनेही समतल. गाडी बाजूला घेऊन ते नुसतं बघत थोडा वेळ बसून राहिले. फार समाधान वाटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

बुटीबोरीला जाऊन आले. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येतं आणि तिथेच थांबतं. आठवडाभर हात नकळत एका बाजूला भार धरत होता, तो गेला. संध्याकाळी नटांवरचे ठिपके पाहिले, जागच्या जागी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोरीवर विश्वास आहे, तरी लांबच्या प्रवासाआधी मशीनवर खात्री हवी होती. दुसऱ्या अलाइनमेंट केंद्रात गेले आणि आधीच सांगितलं की फक्त रीडिंग घ्यायचं आहे, काही फिरवायचं नाही. तिथल्या मिस्त्रींनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. आधी हवा तपासली. पाट्या लावल्यावर गाडी मागे-पुढे ढकलली, त्यामुळे रिममधला किंवा पाटी बसण्यातला वाकडेपणा मशीन वजा करतं. इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे हलवलं, मध्यावर आणलं, पट्टीवर छोटी लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्यात आला तेव्हाच फळी लावून जखडलं. ब्रेकच्या पेडलवर दांडा. मग पडद्याकडे पाहिलं.

डावं अधिक ०.०६, उजवं अधिक ०.०५. मागच्या बीमची दिशा मर्यादेत. कॅम्बर-कास्टर माझ्या गाडीत पुढे बदलता येत नाहीत, तेही मर्यादेत आहेत.

त्यांना डाव्या नटाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ताई, स्टेरिंगला लेव्हल लावल्याशिवाय मी रीडिंगच धरत नाही. पण गिऱ्हाईक पाहून नाही राहत, त्याला कागद पाहिजे." पुढच्या वेळी मी इथेच येईन, आणि काम सुरू असताना फळी लावली का, दोन्ही नट सोडले का, आणि शेवटी आवळले का, हे उभं राहून पाहीन. हे पाहायला कुणी मेकॅनिक असण्याची गरज नाही, आणि विचारलं म्हणून चांगला मिस्त्री कधी रागावत नाही.

पुढच्या टायरांची आतली कड आधीच झिजलेली आहे, ती काही भरून येत नाही. ते दोन टायर मागे घेतले, मागचे पुढे आणले आणि बॅलन्सिंग करून घेतलं. टायर अदलाबदलीनंतर मिहानच्या रस्त्यावर पुन्हा चक्कर मारली, कारण एखाद्या टायरमध्ये आतून तिरकेपणा असेल तर पुढे आल्यावर तो गाडी ओढायला लागतो. तसं काही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शिवमडक्याहून समृद्धीवर. सिमेंटचा लांब सरळ रस्ता, कारला ताशी १२० ची मुभा, मी १०० च्या आतच होते. अशा रस्त्यावर कललेलं स्टेअरिंग फार त्रास देतं, कारण वळणच नसतं, खांदा एकाच अवघडलेल्या स्थितीत राहतो. त्याहून जास्त काळजी टायरची. तापलेल्या सिमेंटवर तासन्‌तास एका वेगाने धावताना टायर तिरका घासत असेल तर तो गरम होत जातो. निघण्याआधी आणि वाटेत थांबल्यावर दोन्ही वेळा टायरांना हात लावून पाहिला, चारही सारखे कोमट.

कारंजा लाडला पोहोचल्यावर भाऊजींनी विचारलं तेव्हा त्यांच्याही गाडीचे लॉकनट बॅटरीने पाहिले. दोन्ही आवळलेले होते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गाडीखाली पुन्हा एकदा. ठिपके अखंड. डावा बूट सरळ, ग्रीस बाहेर आलेलं नाही. उजव्या बुटाची क्लिप गंजून पातळ झाली आहे, नवीन आणायची. तिथून पाणी आत गेलं तर रॅक खराब होईल. दोन्ही टायरॉडच्या उघड्या आट्यांवर ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर उजवा नट कुणालाच जाम मिळणार नाही. पुढे आणलेल्या टायरांच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचांची खोली व्हर्निअरने मोजून वहीत लिहिली. आणखी ५,००० किमी झाल्यावर त्याच तीन जागी पुन्हा मोजायचं.